हिरवी रेषा

मुंबईच्या गिरणगावात डिलाईल रोड नावाचा एक जुना रस्ता आहे. सात रस्त्याच्या चौकातून निघून तो लोअर परळकडे जातो. कामगारांचे पुढारी नारायण मल्हार जोशी यांचे नाव पुढे त्यास देण्यात आले. तरी लोकांच्या तोंडी डिलाईल रोड हेच नाव राहिले. १९२० नंतरच्या काही वर्षांत सरकारच्या विकास खात्याने येथे कामगारांकरिता चाळी बांधल्या. कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी मुंबईस आलेली माणसे त्यांत दाटीवाटीने राहू लागली. दिवसभर गिरण्यांच्या धुराड्यांतून निघणारा धूर आकाश काळवंडून टाकी. तरीही हिवाळ्यातील एखाद्या स्वच्छ रात्री, चाळीच्या गच्चीवरून पूर्वेस पाहिले, म्हणजे मृग नक्षत्र वर येताना दिसे. त्याचे चार खुर, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि मागून येणारा तेजस्वी व्याध ही गावाकडची जुनी ओळख शहरातही सुटत नसे.

मृगाच्या त्या बाणाजवळच, दक्षिणेच्या अंगास, मंद तारकांची एक लहानशी ओळ आहे. तिच्या मध्यभागी नीट निरखून पाहिल्यास एक तारका इतरांसारखी टोकदार दिसत नाही. काचेवर कोणी श्वास सोडावा, तशी ती पुसट दिसते. हा धूसर ठिपका म्हणजे मृगातील तेजोमेघ होय. आज अवकाशात फिरणाऱ्या दुर्बिणींनी त्याची जी छायाचित्रे घेतली आहेत, ती पाहून डोळे दिपून जातात. परंतु सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात बसून याच ठिपक्याच्या प्रकाशाची कसून परीक्षा करणारा एक ज्योतिर्विद होऊन गेला. त्याचे नाव कावसजी दादाभाई नायगामवाला.

कावसजींचा जन्म १८५७ साली एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले. हे महाविद्यालय त्या काळी भायखळ्यास, राणीच्या बागेसमोर होते. सात रस्त्याचा चौक तेथून फार दूर नाही. मुंबई तेव्हा झपाट्याने बदलत होती. १८५४ साली ताडदेवास पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू झाली होती आणि मागोमाग परळ, लालबाग, चिंचपोकळी या भागांत धुराडी उभी राहत होती. नव्या यंत्रांबरोबर नवी शास्त्रेही या शहरात येत होती. कावसजींनी पदार्थविज्ञान आणि रसायन हे विषय घेऊन १८७८ साली एम. ए. ची पदवी मिळविली आणि १८८२ साली ते आपल्याच महाविद्यालयात प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे अध्यापक झाले.

त्या काळी प्रकाशाचे पृथक्करण करण्याची एक नवी विद्या युरोपात भरभराटीस आली होती. सूर्याचा किरण लोलकातून जाऊ दिला, म्हणजे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतच्या रंगांचा पट्टा उमटतो. यास वर्णपट म्हणतात. एखादा पदार्थ तापवून त्याची वाफ पेटविली आणि तिचा प्रकाश लोलकातून पाहिला, तर अखंड पट्टा न दिसता ठरावीक जागी रंगीत रेषा दिसतात. सोडियमच्या पिवळ्या रेषा निराळ्या, हायड्रोजनची तांबडी रेषा निराळी. जशी माणसाच्या बोटांच्या ठशांवरून माणसाची ओळख पटते, तशी या रेषांवरून मूलद्रव्याची ओळख पटते. या विद्येमुळे एक अपूर्व गोष्ट साध्य झाली. जेथे मनुष्य कधीही जाऊ शकणार नाही, अशा ताऱ्यांत कोणते पदार्थ आहेत, हे पृथ्वीवर बसून सांगता येऊ लागले.

ही विद्या आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष प्रयोग करून शिकविता यावी, अशी कावसजींची इच्छा होती. त्यासाठी उपकरणे हवी होती आणि उपकरणांना पैसा हवा होता. सुदैवाने १८८२ साली भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी महाविद्यालय पाहावयास आले. त्यांनी वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी ५,००० रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारनेही तीत भर घातली. उपकरणांची खरेदी करण्याकरिता कावसजी १८८४ साली इंग्लंडास गेले.

तेथे त्यांच्या बेताला निराळेच वळण लागले. इंग्लंडातील थोर ज्योतिर्विदांशी त्यांची गाठ पडली. त्यांत नॉर्मन लॉकियर हे प्रमुख होते. १८६८ साली सूर्याच्या वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेषा पाहून, पृथ्वीवर ठाऊक नसलेले एक मूलद्रव्य सूर्यात असले पाहिजे, असे लॉकियर यांनी सांगितले होते. त्या द्रव्यास त्यांनी सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव दिले. अशा अधिकारी पुरुषांनी कावसजींना सल्ला दिला की, केवळ प्रयोगशाळा न काढता ताऱ्यांच्या प्रकाशाचे वेध घेणारी वेधशाळाच उभारावी. कावसजींना तो पटला. १८८५ साली ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात गेले आणि त्याच महाविद्यालयाच्या आवारात १८८८ साली वेधशाळा उभी राहिली. दात्याच्या स्मरणार्थ तिला महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा असे नाव देण्यात आले.

वेधशाळेचे मुख्य साधन म्हणजे आयर्लंडातील ग्रब यांच्या कारखान्यात तयार झालेली परावर्तक दुर्बीण. पुढे तिला २० इंच व्यासाचा आरसा बसविण्यात आला. त्या काळी एवढी मोठी दुर्बीण भारतात दुसरी नव्हती. अशा दुर्बिणीत भिंगाऐवजी काचेचा खोलगट आरसा प्रकाश गोळा करतो. काचेवर चांदीचा पातळ मुलामा असतो. दमट हवेत हा मुलामा काळा पडतो आणि तो पुन्हा चढवावा लागतो. पावसाळ्याचे महिने ढगांत जातात. उरलेल्या रात्रींपैकीही सगळ्याच निर्मळ नसतात. दिवसा वर्गात शिकवावे आणि रात्री दुर्बिणीपाशी उभे राहावे, अशी दुहेरी जबाबदारी कावसजींवर होती.

त्यांनी वेधासाठी जो विषय घेतला, तो साधा नव्हता. विल्यम हगिन्स या इंग्रज ज्योतिर्विदाने १८६४ साली एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, तेव्हा त्याला ताऱ्यासारखा अखंड पट्टा दिसला नाही. काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या चकाकणाऱ्या रेषा दिसल्या. त्यावरून हा ताऱ्यांचा पुंजका नसून तापून प्रकाशणारा विरळ वायू आहे, हे सिद्ध झाले. या रेषांत सर्वांत ठळक रेषा हिरवी होती. मृगाच्या तेजोमेघातही ती होती. पण ही रेषा कोणत्या द्रव्याची, हे कोणासच सांगता येईना. प्रयोगशाळेत जी जी द्रव्ये तापवून पाहिली, त्यांपैकी एकाचीही रेषा तिच्याशी नेमकी जुळेना.

लॉकियर यांचे या बाबतीत ठाम मत होते. विश्वातील सर्व ज्योती उल्कांच्या थव्यांपासून बनल्या आहेत, असा सिद्धांत त्यांनी मांडला होता. उल्कांत मॅग्नेशियम असते. मॅग्नेशियम जळताना त्याच्या वर्णपटात हिरव्या भागात एक पट्टा दिसतो. तेजोमेघातील हिरवी रेषा म्हणजे या पट्ट्याचाच उरलेला अवशेष होय, असे त्यांचे म्हणणे होते. हगिन्स यांना हे मान्य नव्हते. दोन थोर पुरुषांमध्ये मोठा वाद माजला. लॉकियर यांचे म्हणणे खरे ठरले असते, तर तेजोमेघांपासून ताऱ्यांपर्यंत सर्वांची उत्पत्ती कशी झाली, याविषयीच्या त्यांच्या सिद्धांतास मोठाच आधार मिळाला असता.

हा वाद कसा मिटवावा? त्याची एक कसोटी होती. मॅग्नेशियमच्या पट्ट्याची एक कड रेखीव असते. दुसऱ्या बाजूस मात्र तो हळूहळू पुसट होत जातो. हिरवी रेषा जर त्या पट्ट्याचा अवशेष असेल, तर तीही एका बाजूस पुसट दिसली पाहिजे. ती जर स्वतंत्र वायूची रेषा असेल, तर दोन्ही बाजूंस सारखीच रेखीव दिसेल. ही परीक्षा करण्यास मोठी दुर्बीण हवी, प्रकाश चांगला पसरविणारा वर्णपटदर्शक हवा आणि दीर्घकाळ निरीक्षण करण्याची चिकाटी हवी. पुण्यात ही तिन्ही एकत्र आली होती.

कावसजींनी मृगाच्या तेजोमेघाकडे दुर्बीण वळविली. त्या अंधुक प्रकाशात हिरवी रेषा उमटली. त्यांनी ती वेगवेगळ्या प्रकारे तपासली. रेषा प्रत्येक वेळी रेखीवच दिसली. तिच्या कोणत्याही बाजूस पुसटपणा आढळला नाही. याचा अर्थ स्पष्ट होता. ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष नव्हती.

येथे कावसजींच्या सचोटीची परीक्षा होती. ज्या वेधशाळेत ते काम करीत होते, तिच्या उभारणीस लॉकियर यांच्यासारख्यांचा सल्ला कारणीभूत झाला होता. लॉकियर यांचे नाव साऱ्या जगात गाजत होते. कावसजी एका परतंत्र देशातील अध्यापक होते. त्यांची वेधशाळा नुकतीच उभी राहिली होती आणि सरकारच्या मर्जीवर अवलंबून होती. आपल्या निरीक्षणाविषयी मौन पाळणे त्यांना सोपे होते. पण जे दिसले ते तसेच सांगावे, हा शास्त्राचा पहिला धर्म होय. कावसजींनी आपला निष्कर्ष १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या पत्रिकेत प्रसिद्ध केला. अमेरिकेतील लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांनी केलेल्या काटेकोर मोजमापांचा कौलही तसाच पडला. ज्या यंत्रांची खरेदी लॉकियर यांच्या सल्ल्याने झाली, त्याच यंत्रांनी लॉकियर यांच्या मताविरुद्ध साक्ष दिली. यात कृतघ्नता नव्हती. दुर्बीण ही कोणाच्याही बाजूने बोलत नाही. आणि दुर्बिणीपाशी बसणाऱ्यानेही तसे बोलू नये.

यानंतर १८९८ साली एक दुर्मीळ योग आला. त्या वर्षी २२ जानेवारीस खग्रास सूर्यग्रहण होणार होते आणि चंद्राची छाया महाराष्ट्रावरून जाणार होती. जगाच्या निरनिराळ्या भागांतून ज्योतिर्विद भारतात आले. लॉकियर कोकणच्या किनाऱ्यावर विजयदुर्गास उतरले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथक सोलापूरच्या वाटेवरील जेऊर या गावी आले. कावसजींनीही आपले पथक घेऊन जेऊर येथेच तळ दिला. मुंबई इलाख्यात ते दिवस प्लेगच्या साथीचे होते. अशा काळात जड यंत्रे माळावर नेऊन उभी करणे, त्यांची दिशा अचूक साधणे, हे कष्टाचे काम होते. आणि एवढ्या खटाटोपानंतर खग्रास स्थिती टिकणार होती ती सुमारे दोन मिनिटे! तेवढ्या वेळात ढग आला, एखादी कळ अडकली किंवा कोणाचा हात चुकला, तर सारे श्रम वाया जाणार होते.

परंतु आकाश निर्मळ राहिले. सूर्यबिंब झाकले गेले आणि त्याच्याभोवतीचा शुभ्र प्रभामंडल प्रकट झाला. कावसजींच्या पथकाने त्याची आणि त्याच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. या मोहिमेचा सविस्तर अहवाल त्यांनी तयार केला आणि तो १९०२ साली प्रसिद्ध झाला.

कावसजी १९१२ साली सेवानिवृत्त झाले. वेधशाळा त्यांच्या एकट्याच्या उद्योगावर चालत आली होती. त्यांच्या मागे ती पुढे चालविण्याची व्यवस्था झाली नाही. सरकारने ती बंद केली आणि तिची उपकरणे दक्षिणेस कोडाईकनालच्या वेधशाळेत पाठविण्यात आली. ज्या जागी भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण उभी होती, ती जागा रिकामी झाली. चोवीस वर्षांच्या परिश्रमांनी उभे केलेले काम आपल्या डोळ्यांदेखत मोडले जावे, यासारखे दुःख नाही.

पण शास्त्रातील काम एका माणसाबरोबर संपत नाही. कावसजींना दीर्घायुष्य लाभले. त्यांच्या हयातीतच ज्योतिःशास्त्राने मोठी झेप घेतली. १८८५ साली देवयानी तारकासमूहातील तेजोमेघात एक नवा तारा अकस्मात उजळून काही महिन्यांत विझून गेला होता. त्याचा अर्थ त्या वेळी कोणास कळला नाही. १९२४ च्या सुमारास अमेरिकेत एडविन हबल यांनी दाखवून दिले की, देवयानीतील तो धूसर ढग आपल्या आकाशगंगेतील नसून फार दूर असलेली एक स्वतंत्र आकाशगंगा आहे. आज तिचे अंतर सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे मानले जाते. म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर वेगाने धावणारा प्रकाश तेथून निघाला, तर त्यास येथवर येण्यास २५ लक्ष वर्षे लागतात. इतक्या दुरून दिसणारा तारा साधा असणे शक्य नव्हते. तो एका ताऱ्याचा स्फोट होता. अशा फुटणाऱ्या ताऱ्यास आता अतिनवतारा म्हणतात.

हिरव्या रेषेचे कोडेही कावसजींच्या हयातीतच उलगडले. १९२७ साली आयरा बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखविले की, ती रेषा कोणत्याही नव्या द्रव्याची नसून आपण श्वासाबरोबर आत घेतो त्या ऑक्सिजनचीच आहे. तेजोमेघातील वायू अत्यंत विरळ असतो. तेथे दोन इलेक्ट्रॉन गमावलेले ऑक्सिजनचे अणू इतरांशी सहसा न आदळता बराच काळ मोकळे राहतात आणि मग हा हिरवा प्रकाश सोडतात. पृथ्वीवरील दाट वायूत अणू सारखे एकमेकांवर आदळत असल्यामुळे ही रेषा प्रयोगशाळेत सापडत नव्हती. रेषा मॅग्नेशियमची नाही, हे सांगणारी निरीक्षणे अशा रीतीने पूर्णपणे खरी ठरली. त्या वर्षी कावसजींचे वय सत्तर वर्षांचे होते. १९३८ साली ते निवर्तले.

त्यांच्या मृत्यूनंतर बावन्न वर्षांनी, १९९० साली, हबल यांचेच नाव दिलेली दुर्बीण अवकाशात सोडण्यात आली. पृथ्वीवरील हवा सतत हलत असल्यामुळे तारे लुकलुकतात आणि छायाचित्रे अस्पष्ट येतात. हवेच्या वर गेलेल्या दुर्बिणीस ही अडचण नाही. २००६ साली तिने घेतलेले मृगाच्या तेजोमेघाचे विशाल चित्र प्रसिद्ध झाले. त्यात तीन हजारांहून अधिक तारे दिसतात. काही तर नुकतेच जन्मलेले आहेत. १०५४ साली वृषभ राशीत फुटलेल्या ताऱ्याचे अवशेषही तिने टिपले. तो स्फोट चिनी ज्योतिष्यांनी पाहून लिहून ठेवला होता. आज तेथे विस्कटलेल्या तंतूंचे जाळे दिसते आणि ते अजून पसरत आहे. अशा चित्रांसाठी दुर्बिणीवर निरनिराळ्या रंगगाळण्या बसविलेल्या असतात. त्यांपैकी एक गाळणी मुख्यतः त्या हिरव्या रेषेचाच प्रकाश आत सोडते. पुण्यातील अंधाऱ्या घुमटाखाली कावसजींनी निरखलेली रेषा आज अवकाशातील दुर्बिणीही टिपतात.

ज्या पुण्यात १८८८ साली कावसजींची वेधशाळा उभी राहिली, त्याच पुण्यात बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ साली, डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने आयुका ही खगोलशास्त्राची संस्था स्थापन झाली. २०१५ साली ॲस्ट्रोसॅट ही भारताची स्वतःची अवकाश वेधशाळा अंतराळात गेली. तिची उपकरणे घडविण्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आयुका यांचा मोठा वाटा होता. या वेधशाळेच्या साह्याने आयुकातील शास्त्रज्ञांनी केलेला एक शोध २०२० साली जाहीर झाला. ज्या आकाशगंगेचा प्रकाश सुमारे ९३० कोटी वर्षे प्रवास करून आला होता, तिचे अतिनील किरण त्यांनी ओळखले होते. कावसजींची दुर्बीणही मोडीत निघाली नाही. कोडाईकनालला ती भावनगर दुर्बीण या नावाने ओळखली गेली आणि पुढील पिढीतील निरीक्षकांच्या उपयोगी पडली.

डिलाईल रोडवरील धुराडी आता थंड झाली आहेत. जुन्या चाळींच्या जागी उंच इमारती उठत आहेत आणि शहराचे दिवे आकाशास पूर्वीच्या धुराहूनही अधिक झाकतात. तरीही थंडीच्या दिवसांत, एखाद्या अंधाऱ्या गच्चीच्या कोपऱ्यातून, मृगाचा बाण अजून ओळखता येतो. त्याच्या शेजारचा पुसट ठिपका शोधण्यास थोडी चिकाटी लागते. तो एकदा सापडला, म्हणजे त्याच्यावर दृष्टी स्थिर ठेवून, जे दिसले तेवढेच आणि तसेच जगास सांगणाऱ्या एका सत्यनिष्ठ अध्यापकाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.